सॉकेटवाले मास्तर

मी नेलेल्या कागदांना स्टेपलची पिन मारलेली होती, म्हणून त्यांनी ते वाचलेच नाहीत. खराडीच्या त्या कंपनीत खरेदी खात्यात लागून मला आठवडाही झाला नव्हता. नव्या लॅपटॉपच्या मागणीवर हार्डवेअरवाल्यांची सही लागते आणि त्यांची खोली तळमजल्यावर जनरेटरच्या शेजारी आहे, एवढं सांगून मला पाठवलं होतं. खोलीत टेबलांवर पोटं उघडलेले लॅपटॉप पडले होते आणि कोपऱ्यात पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला, पन्नाशी उलटलेला एक किडकिडीत माणूस बसला होता. त्यांनी कागद घेतले, पिन पाहिली, ड्रॉवरमधून चपटा स्क्रूड्रायव्हर काढून पिनेची दोन्ही टोकं उचकटली, पिन कचऱ्यात टाकली, कागदांना टाचणी लावली आणि ते मला परत दिले.

"उद्या या."

"आणि सही?"

"आज पिन काढून दिली ना? रोज एक काम होतं आमच्याकडे."

मी हडपसरची. उलट उत्तर द्यायला मलाही येतं. पण नोकरी नवी होती, म्हणून गिळलं आणि दुसऱ्या दिवशी टाचणी लावून गेले. या वेळी त्यांनी वाचलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "यातला प्रोसेसर निघतो का?" मला कुठलं माहीत असायला. ते म्हणाले, "आपण खरेदी खात्यातल्या ना? वांगी घेताना तरी उलटून बघता का?" आणि मग मला समोरच्या स्टुलावर बसवून त्यांनी माझी शिकवणी घेतली.

एक जाड, जुना लॅपटॉप त्यांनी उलटा केला. झाकण काढलं, पंखा आणि त्याची तांब्याची नळी काढली. खाली बोटाच्या दोन पेरांएवढा चौकोनी प्रोसेसर होता आणि त्याच्या कडेला एकच स्क्रू. "फिरवा. अर्धा वळसा." मी फिरवला. "आता उचला." प्रोसेसर बोटांच्या चिमटीत अलगद वर आला, खाली दाट, केसासारख्या बारीक पिना. तो जिच्यात बसतो त्या खाचेला, म्हणजे सॉकेटला, भोकं आणि प्रोसेसरला पिना, ठेवला की बसतो, अर्धा वळसा फिरवला की सुटतो. मग त्यांनी दुसरा एक पातळ लॅपटॉप उघडून पुढे केला. "आता यातला काढा." मी स्क्रू शोधत राहिले. स्क्रू नव्हताच. ते म्हणाले, "खाली कथलाचे शेकडो मणी आहेत, मोहरीहूनही बारीक. कारखान्यात तापवून बोर्डाला कायमचा चिकटवलाय. हा बिघडला की अख्खा बोर्ड कचऱ्यात. बोर्ड कचऱ्यात म्हणजे लॅपटॉप कचऱ्यात." आणि बोट दाखवून म्हणाले, "तो बसलाय. हा चिकटलाय. फरक लक्षात ठेवा, म्हणजे पुन्हा यायला नको."

सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण पूर्वी कधीतरी ते आयटीआयमध्ये शिकवायचे. पाठीमागे म्हणत सॉकेटवाले मास्तर. कंपनी एका मजल्याची होती तेव्हापासून ते होते, आणि तेव्हाचं एकेक मशीन त्यांनी हातांनी जोडलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. स्वारगेटजवळ थोरल्या बहिणीबरोबर राहत. बहीण नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली आणि बोलायला त्यांच्याहून तिखट. लग्न का केलं नाहीत, असं कुणी विचारलं की म्हणत, "चिकटणं जमलं नाही."

बसलेलं आणि चिकटलेलं, या दोन खणांत त्यांनी सगळी दुनिया घालून ठेवली होती. डिंक, सेलोटेप, स्टेपल, फेविकॉल यांचा त्यांना मनापासून राग. कवळी होती ती जेवणाआधी काढून रुमालावर ठेवत आणि समोरच्याचा चेहरा बघून म्हणत, "सॉकेटातली आहे. घाबरू नका." चष्म्याची एक काडी तपकिरी आणि एक काळी, कारण प्रत्येक काडी आपापल्या वेळी तुटली आणि त्यांनी तेवढीच बदलली. माझ्या लग्नात आले, पाकीट दिलं नाही, एक चांगलासा स्क्रूड्रायव्हरचा संच दिला आणि माझ्या नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाले, "बसा. चिकटू नका." नवरा बिचारा खुर्ची शोधायला लागला. आम्ही अजून त्यावरून हसतो, पण त्या माणसाची आठवण हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

त्यांच्या हाताखाली तिघंचौघं तंत्रज्ञ होते, सगळे एजन्सीमार्फत कंत्राटावर. त्यांतला मोठा वानखेडे. अकोल्याकडचा, चाळिशीचा, वाघोलीत दोन खोल्या भाड्याने घेऊन बायको आणि दोन मुलींसह राहणारा. वानखेडे भारी फुशारक्या मारायचा. "मॅडम, मेलेली मशीन माह्या हाताखाली उठून बसते. लिहून घ्या." हात खरोखर चांगला होता, पण तोंड हाताच्या चार पावलं पुढे असायचं, त्यामुळे तो खरं बोलला तरी निम्मंच खरं धरायची सगळ्यांना सवय लागली होती.

एकदा मास्तर रजेवर असताना मार्केटिंगमधल्या एका बाईंचा पातळ लॅपटॉप बंद पडला. वानखेडेने त्याला 'हीट मारली'. बुधवार पेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानांतून हा धंदा सर्रास चालतो. प्रोसेसरवर गरम हवेचा झोत सोडायचा, खालचे मणी थोडे वितळतात, तुटलेली जोडणी पुन्हा लागते आणि मशीन उठतं. गिऱ्हाईक खूष. पण आतला दोष तसाच असतो, त्यामुळे थोड्याच दिवसांत मशीन पुन्हा जातं आणि या वेळी कायमचं. त्या बाईंचा लॅपटॉप नेमका परदेशी पाहुण्यांसमोर गेला. मास्तरांनी वर तक्रार केली नाही. वानखेडेला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून सकाळी तो आला की, "या, शेकोटी," म्हणू लागले. बाकीचे हसत, वानखेडेही हसायचा. पण हे वर्षानुवर्षं चाललं, आणि शेवटी शेवटी तो हसायचा तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नसे.

मग सगळीच मशीनं पातळ घ्यायची, असं ठरवायला बैठक बसली. मास्तरांना बोलावलं होतं. आमचे साहेब त्यांच्याहून बरेच लहान, गोड बोलणारे. मास्तरांनी टेबलावर जाड लॅपटॉप ठेवला, सगळ्यांसमोर प्रोसेसर काढून दाखवला, दुसरा बसवला, मशीन चालू केलं. "यात बिघडलेला भाग बदलता येतो. आणि उद्या जास्त वेगाचा हवा असला तर तोही घालता येतो. भाग बदलता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे." साहेबांनी पातळ लॅपटॉप दोन बोटांनी उचलला. "मास्तर, आपली माणसं हे दिवसभर खांद्याला लावून फिरणार आहेत. सॉकेटामुळे जाडी वाढते, वजन वाढतं. तुमचा खांदा दुखत नाही का?" माझा दुखायचा. खरं सांगायचं तर मलाही पातळच आवडला होता.

मागणी मी टाइप केली. पुढच्या खेपेला जाड मशीनं मागवून बघितली तर विक्रेता फोनवर हसला. "मॅडम, सॉकेटवाले लॅपटॉप आता बनतच नाहीत." मी ते मास्तरांना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "बनत नाहीत म्हणजे काय? आपण मागत नाही." त्या दिवशी मला त्यांची कीव आली. जी लढाई जगभर संपली होती, ती हा माणूस जनरेटरशेजारच्या खोलीत बसून लढत होता.

पातळ मशीनं आली, वापरली गेली, त्यांची हमी संपली आणि ती मरायला लागली. तळमजल्यावरच्या खोलीत मेलेल्या लॅपटॉपचं मोठं खोकं भरलं. त्यांना हात लावायला मास्तर तयार नव्हते. "चिकटलेल्याला मी काय करणार?" वानखेडे मागे लागला होता की चिकटलेला प्रोसेसर उचलायचं यंत्र घ्या, आता सगळं काम त्यावरच आहे. मास्तर म्हणत, "आपल्याला शेकोट्या पेटवायच्या नाहीत." जाड मशीनं संपत आली तसं खोलीतलं काम संपत आलं. सगळ्यांना दिसत होतं, आणि साहेबांनाही दिसत होतं.

साहेबांनी महिनाभराची मुदत दिली. खोक्यातली मशीनं उठवून दाखवा, खोली राहील. नाहीतर दुरुस्ती बाहेर द्यायची आणि एजन्सीची माणसं कमी करायची. मास्तर कायम नोकरीतले होते, त्यांना काही होणार नव्हतं. जाणार होते ते वानखेडे आणि बाकीचे. वानखेडेची थोरली मुलगी त्या वर्षी दहावीत होती. तो मला म्हणाला, "मॅडम, या वयात दुसऱ्या कंपनीत मले कोण घेते? तिथं पंचविशीचे पोट्टे उभे हायेत लायनीत." ही बढाई नव्हती. पहिल्यांदाच मी त्याला घाबरलेलं पाहिलं.

वानखेडेच्या ओळखीच्या एकाचं बुधवार पेठेत दुकान होतं, तिथे ते यंत्र होतं. बोर्ड बाहेर न्यायला गेटपास लागतो. तो मास्तरांनी काही न विचारता सही करून दिला. यावरून मला वाटतं की त्यांनाही आतून मशीनं उठायला हवी होती. महिनाभर वानखेडे सुट्टीच्या दिवशी आणि काम सुटल्यावर तिथे जाऊन बसत होता. मुदत संपायच्या आधी सगळी मशीनं चालू होऊन टेबलावर ओळीने लागली.

मी तेव्हा खोलीत होते. वानखेडे म्हणाला, "सर, हीट नाई मारली. प्रोसेसर उचलला, जुनं कथील सारं साफ केलं, जाळी ठेवून नवे मणी लावले, मंग परत बसवला. एकेकाले दोन दोन दिवस लागले. पाहून घ्या तुमी."

मास्तरांनी मान वर केली नाही. "बसवला की पुन्हा चिकटवला?"

"चिकटवलाच न सर. त्याले दुसरं काय करता येते? पन—"

"मग झालं."

टेबलावर भिंग होतं, दिवा होता. वाकून कडेने पाहिलं असतं तर मणी नवे आहेत की जुने ते कळलं असतं. त्यांनी पाहिलं नाही. दुनियेला उलटून बघायला शिकवणाऱ्या माणसाला त्या दिवशी मान वाकवावीशी वाटली नाही. त्यांच्या लेखी चिकटलेल्यात चांगलं काम आणि वाईट काम असा फरक नव्हताच, आणि वानखेडे शेकोटी होता.

साहेब आले. ओळीने उजळलेले पडदे बघून खरंच खूष झाले. एकदोन मशीनं उचलून बघितली, आणि जाता जाता विचारायचं म्हणून विचारलं, "मास्तर, टिकतील ना?"

हो म्हणायचं होतं फक्त. वानखेडे दाराशी उभा होता.

"चालतायत," मास्तर म्हणाले. "टिकणार नाहीत."

"म्हणजे?"

"महिना. फार तर दीड. मग पाहुण्यांसमोर बंद पडतील, मागच्यासारखी."

"सर, काय बोलून रायले तुमी!" वानखेडे ओरडलाच. "सांगतलं न मी तुमाले! पाहा न एकदा खोलून!"

मास्तर त्याच्याकडे वळले नाहीत. साहेबांनी त्यांच्या प्रामाणिकपणाचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी एजन्सीला कळवलं. निरोप सांगायला स्वतः खाली आले, तेव्हा मास्तर म्हणाले की, मशीनं वाईट आहेत, माणसं वाईट नाहीत, त्यांना दुसरं काही काम द्या. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. भाग बदलता आला पाहिजे, हे तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला."

कंपनीला मशीनं चिकटलेली हवी होती आणि माणसं सॉकेटातली, आणि हे मास्तरांच्या आयुष्यभराच्या दोन खणांत कुठे बसत नव्हतं. वानखेडेने आपली हत्यारं पिशवीत भरली. जाताना मास्तरांसमोर थांबून म्हणाला, "हो म्हटलं असतं तं तुमचं काय गेलं असतं, सर?"

"खोटं सांगून नोकरी टिकवायची?"

"खोटं नव्हतं न पन," असं म्हणून तो गेला. मला मास्तरांचा इतका संताप आला की पुढे कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

खोली बंद झाली. मास्तरांना तिसऱ्या मजल्यावर पँट्रीशेजारी एक टेबल मिळालं आणि काम काहीच मिळालं नाही. वानखेडेची मशीनं चालू होती, म्हणून ती इकडेतिकडे वाटून टाकली. काही रिसेप्शनला, काही प्रशिक्षणाच्या खोलीत, एक माझ्याकडे आलं. आणि मास्तरांची रोजची फेरी सुरू झाली. सकाळी डबा टेबलावर ठेवला की ते त्या सगळ्या मशीनांपाशी जाऊन यायचे. माझ्या टेबलाशी येत, लॅपटॉपच्या पोटाखाली तळवा घालून किती तापलाय ते बघत, वाकून पंख्याचा आवाज ऐकत.

"चालतोय?"

"चालतोय."

"पडेल बंद. बघाच."

महिना गेला. दीड महिना गेला. पावसाळा सरला, दिवाळी झाली. एकही मशीन बंद पडलं नाही. मास्तर मशीन मरायची वाट बघत होते हे मला कळत होतं, आणि मी ते ओळखलंय हे त्यांनाही कळत होतं. मशीन मेलं असतं तर ते खरे ठरले असते, आणि खरे ठरले असते तर वानखेडेच्या बाबतीत त्यांना रात्री झोप लागली असती. पुढे पुढे "पडेल बंद" म्हणणं थांबलं. नुसता तळवा घालत आणि निघून जात. जेवण कमी झालं होतं. कवळी सैल होऊन बोलताना वाजायला लागली होती.

एकदा म्हणाले, "तुमचं मशीन तासभर द्याल का?" पँट्रीच्या टेबलावर त्यांनी ते उघडलं, पंखा काढला, खिशातून भिंग काढलं आणि प्रोसेसरच्या कडेला डोळा लावून बसले. चहा आणायला आलेली माणसं बाजूने जात होती. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कडेची रांग दिसतेय. सगळे मणी एकसारखे. नवे आहेत. बोर्डही साफ केलेला आहे. वानखेडेने खरंच काढून लावलाय."

"त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतं," ते म्हणाले आणि भिंग पुसत बसले. भिंग स्वच्छच होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला वाघोलीला चला म्हणून फोन केला. "मी एकटा गेलो तर तो दार लावून घेईल." माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही नगर रोडने निघालो. नव्या टोलेजंग इमारतींच्या मागे पाण्याचे टँकर उभे राहतात त्या गल्लीत वानखेडेचं घर. त्याने दार लावलं नाही. खुर्च्या पुढे केल्या, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. आता एका गोदामात खोकी भरायच्या आणि उचलायच्या कामावर होता, त्याच एजन्सीमार्फत. चांगला दांडगा माणूस कमरेत वाकून चालत होता. बढाया कुठे गेल्या होत्या कोण जाणे. मुलीचं विचारलं तर दहावी झाली, आता शिवणकामाच्या क्लासला जाते, म्हणाला.

मास्तरांनी चहाला हात लावला नाही. "वानखेडे, तुमची मशीनं चालतायत. एकही बंद पडलेलं नाही. मी उघडून बघितलं. काम चोख आहे. मी आधी बघायला हवं होतं. चुकलो."

मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मला वाटलं वानखेडे आता भडकेल, नाहीतर रडेल. त्याने बायकोकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"साऱ्याच्या साऱ्या चालू हायेत, सर?"

"सगळ्या."

"मंग मले परत घेतील काय?"

हा प्रश्न येईल असं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्ही मास्तरांच्या मनावरचं ओझं उतरवायला आलो होतो. वानखेडे नोकरीचा निरोप घेऊन कुणी आलंय असं समजला होता. खोली तर केव्हाच मोडली होती, तिथे आता पाण्याच्या बाटल्या ठेवत. मी मास्तरांकडे पाहत राहिले, की हा माणूस आता त्याचं ते नेहमीचं सरळ उत्तर देईल.

"विचारतो," मास्तर म्हणाले.

वानखेडेची बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "खाऊनच जा मंग तुमी. मी पोहे टाकतो तवरिक." आणि लगबगीने आत गेली.

मास्तरांनी खरोखर विचारलं. सोमवारी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं, की ती मशीनं अजून उत्तम चालतायत, मी चुकीचं सांगितलं होतं, या माणसाला परत घ्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती जुनी मशीनं अजून वापरतोय आपण? बरं झालं सांगितलंत." आठवडाभरात सगळी गोळा केली. मला नवा लॅपटॉप मिळाला, आधीच्याहून पातळ. वानखेडेच्या हातची मशीनं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढताना मास्तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभे होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

वानखेडेला सोमवारी सुट्टी असायची. दर सोमवारी त्याचा फोन यायचा. "विचारलंय. बघतायत," मास्तर सांगायचे. "थोडं थांबा." मी म्हटलं, एकदा खरं सांगून टाका. ते म्हणाले, "एकदा सांगितलं होतं ना, खरं. बघितलंत काय झालं ते." ते निवृत्त झाले तरी फोन चालूच होते. आपण आता कंपनीत नाही, हेही त्यांनी वानखेडेला सांगितलं नव्हतं.

निवृत्तीनंतर वर्षही निघालं नाही. छातीत पाणी झालं, इस्पितळात ठेवलं, आणि बहिणीने सांगितलं त्याप्रमाणे, कुणालाही त्रास न देता गेले. मला चार दिवसांनी कळलं. मी स्वारगेटला त्यांच्या घरी गेले तो सोमवार होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. त्यांच्या बहिणीने, ताईंनी, चहा केला. रडल्या नाहीत. "नर्स होते मी. मला दिसत होतं," म्हणाल्या. मग विचारलं, "हा वानखेडे कोण हो? मागच्या सोमवारीही फोन आला होता. मी उचलला नाही. इकडे तेव्हा..." आणि तेवढ्यात टेबलावरचा मास्तरांचा फोन वाजला. ताईंनी तो माझ्याकडे सरकवला.

"हॅलो, सर?"

"वानखेडे, मी बोलतेय. खरेदी खात्यातली."

"मॅडम! सर मीटिंगमधी हायेत काय?"

मी सांगितलं. पलीकडे गोदामातल्यासारखा कसलाच आवाज नव्हता, घरात असावा. मग म्हणाला, "लय वाईट झालं." आणि अवघडून, "मंग मॅडम, आता मी कोणाले विचारू?"

ताई समोर बसल्या होत्या. मला अजून एक सोमवार पुढे ढकलता आला असता. पण ते माझ्याच्याने झालं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. खोली नाही, साहेबांनी तेव्हाच ते कानाआड केलं होतं, मशीनं भंगारात गेली, सर त्याआधी आणि त्यानंतरही तुमच्यासाठी झुरत होते, पण आता कुणालाही विचारू नका. तो मधे मधे "हो" म्हणत होता, एखाद्याने पत्ता सांगावा आणि आपण समजून घ्यावा तसा.

माझं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "भंगारात देल्या तेव्हा बंद पडेल होत्या काय?"

"नाही, वानखेडे. चालू होती. सगळी."

"बरं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.